माधवीचा घास

पूर्वी कृतयुगाच्या आरंभी, भूक अजून जन्मली नव्हती त्या काळी, शमायन ऋषींच्या आश्रमात चूल नव्हती. ऋषी आणि ऋषिपत्नी तेवढे तपाच्या बळावर हळूहळू चालत; बाकी सगळे जीव भूमीत पाय रोवून उभे असत आणि सूर्याचे तेज अंगावर घेऊन तृप्त होत. हरिणांचेही तसेच, वेलींचेही तसेच. ऋषिपत्नी आर्द्रेचे काम एवढेच, की कोणावर कोणाची सावली पडलेली दिसली तर आडवी फांदी हलक्या हाताने बाजूला करावी.

तिला मूलबाळ नव्हते. दारातली माधवी वेल आणि तिच्याशेजारी रुजलेले पाडस, हीच तिची लेकरे. पाडस माळावरून पळणाऱ्या ढगांच्या सावल्या पाही आणि त्याच्या डोळ्यांना धार लागे. आर्द्रेला ते बघवेना. पाडसाला धावता यावे म्हणून ती तपाला बसली. शमायनांनी थट्टा केली, की उद्या माधवी उडायचे म्हणेल, मग काय करशील? ती हसली नाही.

सूर्यदेव सविता प्रसन्न झाला. म्हणाला, "आर्द्रे, मी देतो तेवढ्या तेजावर उभे राहता येते, धावता येत नाही. धावायचे तर दुसऱ्याने साठवलेले घ्यावे लागेल."

"मग घेऊ दे, देवा. आमच्या इथे कोणी कोणाला नाही म्हणत नाही."

घेतल्याने काही कमी होते, हे त्या आश्रमात कोणाला ठाऊकच नव्हते. कोणाचे घ्यायचे, हे तिने विचारले नाही.

पाडसाचे पाय सुटले. ते माळभर धावले आणि संध्याकाळी थरथरत परतले. त्याला तोंड फुटले होते. दारात पहिली दिसली ती माधवी. तिने हूं की चूं केले नाही, नुसती वाकली, आणि पाडसाने तिला बुंध्यापर्यंत खाल्ले.

आर्द्रेने हंबरडा फोडला. वर परत घे, म्हणाली.

"दिलेला वर परत येत नाही," सविता हळूच म्हणाला. "माधवीने जन्मभर साठवले, त्यातले थोडेच याच्या अंगी लागेल. बाकीचे ऊब होऊन आकाशात जाईल. म्हणून याला उद्या पुन्हा लागेल. आणि याच्या मागावरही कोणी येईल."

झुडपात दोन डोळे चमकले. आर्द्रेने पाडसाला पोटाशी धरले. त्याचे अंग ऊन ऊन लागत होते. ती ऊब माधवीची होती, आणि ती तिच्या हातांतून निघून चालली होती.

तेव्हापासून जीव धावू लागले, उडू लागले, गाऊ लागले. झाडे तेवढी जुन्या व्रतावर उभी आहेत. पुढे आर्द्रेच्याही दारी चूल पेटली. पहिला घास घेण्याआधी तिने पानाशेजारी चार शिते काढून ठेवली आणि माधवीचे नाव घेतले.

ते नाव आता कोणाला आठवत नाही. शिते मात्र अजून निघतात.