प्लगचा रंग

“उस्ताद, तुम्ही किती पळवली होती? आकडा तरी सांगा!”

अभिनंदन मगदूमने हे शंभराव्यांदा विचारलं असेल. दस्तगीर उस्ताद नेहमीसारखे कार्ब्युरेटरात फुंकर मारत राहिले.

उस्तादांनी तरुणपणी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मोटरसायकल पळवली होती. त्या एका धावेवर अख्ख्या उद्यमनगरात पैजा लागायच्या. कुणी एकशे चाळीस म्हणे, कुणी एकशे साठ. उद्या त्याच धावपट्टीवर घड्याळ लावून होणाऱ्या धावेत अभिनंदनला तो आकडा मोडायचा होता. पण मोडायला आधी तो कळायला तर हवा!

“गाडी तयार हाय?” उस्तादांनी विचारलं.

“तयार म्हणजे! आरसे काढले, दिवा काढला, मागची सीट काढली. मीसुद्धा महिनाभर भात सोडलाय.”

“मग चल.”

धावपट्टीच्या टोकाला, बाभळीखाली पोतं टाकून उस्ताद बसले.

“मूठ पुरी पिळ. गाडी पुऱ्या वेगात आली की तशीच पिळलेली ठिव, क्लच दाब आन् इंजिन बंद कर. मग स्पार्क प्लग काढून आन, रंग तांबूस पायजे. पांढरा असला तर पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन जाम हुतोय. तसा असला तर उद्याची धाव इसर.”

अभिनंदन गेला, आला. प्लग काळाकुट्ट होता.

“तू चालवत आलास?”

“मग काय ढकलत आणू?”

“व्हय… ही परत येतानाची काजळी हाय. जातानाची कुठं हाय?”

अभिनंदन चरफडत पुन्हा गेला. या खेपेला घामाघूम होऊन, ढकलत आला. उस्तादांनी प्लगला हातसुद्धा लावला नाही.

“बंद करायच्या आधी मूठ सोडलीस.”

“तुम्हाला इथनं काय दिसलं?”

“ऐकलं… जिवावर आलं न्हवं?”

अभिनंदनच्या खरंच जिवावर आलं होतं. महिनाभर राबून गाठलेला वेग, तो आपल्याच हातानं विझवायचा?

“घरी जायचं का?” उस्ताद म्हणाले.

तो तिसऱ्यांदा गेला. मूठ पिळली, दात आवळले, आणि ऐन वेगात इंजिन बंद केलं.

आज अभिनंदनच्या मिशा पिकल्यात. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्यांनी कागदावर लिहून दिलेला आकडा त्याला आता आठवावा लागतो. तो कागदही कुठं गेला कोण जाणे. पण ती शांतता त्याच्या कानांत अजून आहे. गाडी सुसाट धावते आहे आणि आवाज कसलाच नाही. नुसता वारा, वाळलेलं गवत, आणि कुठंतरी ओरडणारी एक टिटवी. तो दिवस परत मिळावा म्हणून तो आजही काय वाटेल ते देईल.

त्या दिवशी दीड किलोमीटर गाडी ढकलत तो बाभळीपाशी आला. प्लग काढला. भाजलेल्या खोबऱ्यासारखा तांबूस रंग.

उस्तादांनी खिशातून तपकिरीची डबी काढली. तिच्यात एक जुना प्लग होता. रंग अगदी तोच.

उस्तादांनी मान वर केली.

“काय ऐकलंस?”

“टिटवी ओरडत होती.”

उस्तादांचे डोळे भरून आले. “अजून हाय व्हय ती तिथं…”

त्यांनी दोन्ही प्लग डबीत शेजारी शेजारी ठेवले आणि डबी मिटली.

“आन् काटा कितीवर हुता?”

अभिनंदनने कपाळावर हात मारून घेतला. “बघायचाच राहिला, उस्ताद!”

“माझाबी ऱ्हायला हुता.”