सहा औतांची बाभूळ

फार फार पूर्वी, कुठल्याशा राज्यात, काळ्या मातीचं एक गाव होतं. जमीन सोन्यासारखी होती, माणसंही वाईट नव्हती. फक्त डोकं चालवायचा सगळ्यांना भारी कंटाळा!

या गावात पूर्वी सकाळी एकाच्या घरी चूल पेटायची आणि शेजारणी खापरात घालून तिथला विस्तव न्यायच्या. स्वयंपाक झाला की चूल विझवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाकडून तरी विस्तव आणायचा. कुणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता. पण एके दिवशी एक शेजारीण पाटलीणबाईंना हसत म्हणाली, "अगंबाई, पाटलांच्या घरात विस्तवसुद्धा नाही का?"

झालं! पाटलीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून त्यांची चूल सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धडधडू लागली. वर भांडं असो नाहीतर नसो.

पाटलांची चूल दिवसभर विझत नाही म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात होय? महिन्याभरात तीसच्या तीस घरांत रिकामे जाळ सुरू झाले. ज्याच्या छपरातून दिवसभर धूर निघेल ते घर मोठं, असं ठरूनच गेलं. सोयरीक जुळवायला येणारे पाहुणे आधी छपराकडे बघायचे आणि मग मुलीकडे. आता काय बोलायचं यांना!

या सगळ्याचा ताप झाला भिवा सुताराला. गावाची औतं तो करायचा. नांगर काय, कुळव काय, पेरणीची पाभर काय, सगळं बाभळीच्या लाकडाचं. ओढ्याकाठी बाभळीचं मोठं बन होतं, पण या रिकाम्या जाळांनी ते दोन वर्षांत खाऊन टाकलं. शेजारच्या गावांनीही हाच कित्ता गिरवला होता, त्यामुळे पाच कोसांत मनगटाएवढी बाभूळ उरली नव्हती.

भिवा दारोदार फिरला.

"अगं, वर तवा नाही, पातेलं नाही, मग खाली जाळ कशाला?"

"असू द्या हो तात्या. माझ्या एकटीच्या चुलीनं असं कितीसं लाकूड जातंय?"

तो तीस घरांत गेला आणि तीसही घरांत हेच ऐकून आला. शेवटच्या घराच्या पायरीवर त्याने कपाळाला हात लावला. "अरे, तुम्ही सगळे एकटेच, मग बन खाल्लं कुणी? मी?" पण ऐकायला होतं कोण? सगळे चुलीत लाकडं सारत होते.

आता एकच जुनी बाभूळ शिल्लक होती, भिवाच्या परसातली. गावातली निम्मी औतं मोडकळीला आली होती. भिवाने दोरी लावून खोड मोजलं. नीट कापलं तर सहा औतं होत होती, एकही जास्त नाही. या औतांवर गावाची ज्वारी पेरायची होती. चावडीसमोर उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. ती आपल्या सगळ्यांची भाकरी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला कुणाचं काय जातं!

मग भिवा औतांचे लोखंडी फाळ घडवून आणायला लोहाराच्या गावी गेला. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि मधला दिवस भात्याजवळ.

नेमके त्याच दिवशी पाटलांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पावसामुळे सरपण आणता न आल्याने घरातलं संपत आलेलं, पाटलांच्या चुलीतून धुराची रेघही निघेना. पाटलीणबाई रडकुंडीला आल्या. पाटलांनी गड्यांना भिवाच्या परसात पाठवलं.

तिसऱ्या दिवशी भिवा सहा फाळ खांद्यावर घेऊन परतला. परसात गुडघाभर बुंधा उभा होता आणि सगळीकडे ढलप्या पडल्या होत्या. तो तसाच पाटलांच्या दारात गेला.

"पाटील, माझी बाभूळ कुठाय?"

"तात्या, आधी फांद्याच तोडणार होतो," पाटील खाली बघत म्हणाले. "पण पाहुणे दोन दिवस राहिले हो. काय करणार? पण धूर असा निघाला की पाहुणे बघतच राहिले!"

"त्या जाळावर शिजवलंत तरी काय?"

पाटील पागोटं सारखं करू लागले. आतून पाटलीणबाईच म्हणाल्या, "स्वयंपाक मागच्या चुलीवर केला. ही पुढची... पाहुण्यांना दिसायला होती."

भिवाला भयंकर संताप आला. सहाही फाळ तिथेच टाकून तो घरी गेला.

पुढच्याच आठवड्यात पाऊस उघडला आणि जमिनीला पेरणीजोगा छान वाफसा आला. चार दिवसांत पेरणी उरकली नाही तर माती वाळणार होती. पहिल्याच तासाला पाटलांची पाभर मोडली, दुपारपर्यंत आणखी पाच मोडल्या. सगळे धावत भिवाकडे आले. "तात्या, काहीतरी करा!"

"कशाचं करू?" भिवा ओरडला. "धुराचं करू? आणा पकडून, देतो पाभर करून!"

हे बोलला खरा, पण राग धरून बसला नाही. त्याने स्वतःच्या घराचं दार काढलं, खाटेचे पाय काढले आणि रडतकढत एक पाभर जोडली. ती गावभर फिरली, पण तीस घरांच्या रानाला एक पाभर कशी पुरणार? लोक कुदळी घेऊन उतरले, बायकांनी हाताने मातीत दाणे टोकले. पाचव्या दिवशी माती दगडासारखी झाली आणि निम्मं रान पडीक राहिलं.

त्या वर्षी कणगीतलं धान्य अर्ध्या वर्षातच संपलं. एक दिवस असा आला की गावात एकाही छपरातून धूर निघाला नाही. सरपण होतं, विस्तवही होता. शिजवायलाच काही नव्हतं.

भिवाने गावकऱ्यांना ओढ्याकाठी नेलं आणि प्रत्येकाच्या हातावर बाभळीच्या बिया ठेवल्या.

पाटलांनी हळूच विचारलं, "तात्या, यांचं औत कधी होईल?"

"पंधरा वर्षांनी," भिवा म्हणाला. "करायला मी नसेन. खड्डा नीट खणा."

तेव्हा लहानथोरांनो, कान उघडे ठेवून ऐका: गरज नसताना जाळत बसाल, तर गरजेच्या दिवशी हातात काही उरणार नाही, आणि "माझ्या एकट्याने काय होतंय" असं म्हणणारे सगळे मिळूनच गाव उपाशी ठेवतात.