लाल पट्टीची नळी

एका गावात देवळासमोरच दातांचा एक दवाखाना होता. तो केतकी नावाच्या डॉक्टरणीचा. केतकी वयाने लहान, हाताने हलकी, आणि स्वभावाने अशी घाबरट की वाऱ्याने दार आपटले तरी दचकायची. पण तिच्या कामाला कोणी नाव ठेवलेले नव्हते. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात स्क्रू बसवायचा आणि त्यावर नवा दात चढवायचा, हे काम करायला पूर्वी लोकांना शहरात जावे लागे. आता ते केतकीकडे येत.

ज्याचे हाड झिजून पातळ झालेले असे, त्याच्या स्क्रूभोवती ती हाडाचे कलम करी. हाडाला छिद्र पाडताना ओली भुकटी निघते. ती एका नळीने ओढून घ्यायची, गाळणीत साठवायची आणि मग स्क्रूभोवती भरायची. ज्याचे हाड त्यालाच परत. मात्र तोंड म्हणजे जंतूंचे घर. भुकटीत लाळ मिसळली की जंतूही हाडाबरोबर आत पुरले जातात. म्हणून केतकीचे नियम कडक होते. आधी पेशंटने औषधी पाण्याने एक मिनिट, घड्याळ लावून, चूळ भरायची. मग नळ्या दोन. लाळेची नळी मदतनीस यमुनाताईंच्या हातात, हाडाची केतकीच्या. हाडाच्या नळीला तिने लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. ती नळी लाळेला लागली तर साठलेली सगळी भुकटी टाकायची, नळी बदलायची आणि जबड्याच्या मागच्या भागातून पुन्हा नवे हाड काढायचे. अर्धा तास जास्त गेला तर जाऊ द्यायचा.

एकदा यमुनाताईंकडून नळ्यांची अदलाबदल होता होता राहिली होती. त्या वयाने केतकीच्या आईएवढ्या. तरी केतकीने त्यांना पेशंटसमोरच सुनावले होते, "ताई, असलं माझ्याकडे चालायचं नाही." यमुनाताईंनी नळ्या नीट लावून ठेवल्या होत्या. त्या कमीच बोलत.

त्याच गावात रंगनाथ गुरव म्हणून सनईवाले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. रोज सकाळी देवळात अण्णांची सनई व्हायची, मग गावाचा दिवस सुरू व्हायचा. पण अण्णा पायरीवर घसरले आणि त्यांचे पुढचे दोन दात गेले. ओठाला आधार राहिला नाही. सूर धरला की हवा निसटायची आणि शिट्टी वाजायची. देवळाच्या पंचांनी विजेवर वाजणारे नगारा-घंटेचे यंत्र आणून बसवले. अण्णा म्हणायचे, "ते बरं आहे, त्याला दातच नाहीत." लोक हसत. अण्णाही हसत, पण ओठ मिटून.

अण्णांच्या जबड्याचे हाड फार पातळ निघाले. कलम करणे भागच होते. आणि नेमके त्याच दिवशी शेजारच्या तालुक्यांतले चार डॉक्टर केतकीचे काम पाहायला आले. केतकीने त्यांना दोन्ही नळ्या दाखवल्या, लाल पट्टी दाखवली, आणि चांगली दहा मिनिटे समजावून सांगितले की बहुतेक जण इथेच आळस करतात.

काम छान चालले होते. दोन्ही स्क्रू बसले होते, गाळणीत भुकटी पुरेशी साठली होती. तेवढ्यात अण्णांना ठसका लागला. तोंडात लाळ दाटली, त्यांनी हात वर उचलला, आणि केतकी दचकली. यमुनाताईंची नळी पोचायच्या आत तिच्या स्वतःच्या हातातली नळी अण्णांच्या जिभेखाली गेली. घुर्र असा आवाज झाला. एक क्षणच. केतकीने नळी वर काढली तेव्हा तिच्यावरची लाल पट्टी तिच्याकडे बघत होती.

चौघांपैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. एक जण फोन पाहत होता, बाकीचे अण्णांच्या ठसक्याकडे. यमुनाताईंनी मात्र पाहिले. टाकाऊ सामानाचे स्टीलचे भांडे त्यांनी फक्त वीतभर पुढे सरकवले. भुकटी टाका, एवढाच त्याचा अर्थ.

केतकीने भांड्याकडे पाहिले. मग त्या चौघांकडे. आत्ताच तर आपण यांना शिकवत होतो. तिचे कान तापले. तिने गाळणीतली भुकटी सलाईनने धुतली, पुन्हा धुतली, आणि धुतले म्हणजे झाले असे मनाला सांगत ती भुकटी अण्णांच्या जबड्यात भरून टाके घातले. चौघांनी तोंडभर कौतुक केले. यमुनाताईंनी भांडे होते तिथे मागे ओढून घेतले.

टाके काढले तेव्हा सारे ठीक दिसत होते. तीन आठवड्यांनी मात्र अण्णा गाल धरून आले. हिरडी सुजलेली, पू झालेला, दोन्ही स्क्रू बोटाने हलत होते. केतकीला कारण माहीत होते. कलम धरत नाही याची कारणे इतरही असतात, पण हे कारण तिला माहीत होते. तरी तोंडातून प्रश्न निघाला, आणि तोही त्या दिवशीच्या नळीसारखाच, आपोआप.

"अण्णा, सनई वाजवलीत का हो? मी नको म्हटलं होतं ना?"

अण्णांनी मान खाली घातली. देवाच्या पालखीच्या दिवशी राहवले नाही, म्हणाले. सनई काढली, पुसली, ओठाला लावली. "फुंकर नाही मारली बाई. देवाशपथ. नुसती लावली."

"मग असंच होणार," केतकी म्हणाली.

मागे नळाखाली यमुनाताईंचे अवजारे धुणे चालले होते. ते पाणी एकदम बंद झाले. केतकीने वळून पाहिले नाही. तिने दोन्ही स्क्रू काढले, जखम साफ केली, गोळ्या लिहून दिल्या. पुढचे आठ दिवस यमुनाताई वेळेवर आल्या, वेळेवर गेल्या, आणि काही विचारले तर अवजारांकडे बघूनच उत्तर देत राहिल्या. केतकीला हात धुताना आरशात बघवेना.

आठवड्याने अण्णा जखम दाखवायला आले. काखेत धोतराच्या कापडात गुंडाळलेले काहीतरी होते. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी ते दोन्ही हातांनी केतकीच्या टेबलावर ठेवले. ती सनई होती.

"तुमच्याकडंच राहू द्या ही," अण्णा म्हणाले. "घरात दिसली की हात जातो. तुमच्या हाताला यश होतं बाई. माझ्या हावेपायी त्याला डाग लागला. वाईट वाटून घेऊ नका."

सनईच्या तोंडाशी ओठांनी झिजून गुळगुळीत झालेली जागा होती. केतकीला ती दिसली आणि तिने पुढे केलेला हात मागे घेतला. हा माणूस तिची समजूत घालत होता. तिला वाटले, आत्ता काही बोलायला नको, सनई कपाटात ठेवून द्यावी, विषय मिटेल. त्याच वेळी तिला वाटले की त्या कपाटाजवळून आपल्याला पुन्हा कधी जाता येणार नाही.

ती उभी राहिली. यमुनाताईंना तिने जवळ बोलावले, कारण त्यांच्यामागे सांगणे म्हणजे पुन्हा अर्धेच सांगणे झाले असते. आणि मग खाली मान घालून सगळे सांगितले. ठसका, नळी, लाळ, पुढे सरकलेले भांडे, ते चार डॉक्टर, आणि तो प्रश्न.

अण्णांनी सनईवर हात ठेवला.

"म्हणजे ओठाला लावली त्यानं नाही झालं?"

"नाही अण्णा. माझ्यामुळे झालं."

अण्णांनी सनई उचलली आणि कापडाच्या गाठी सावकाश आवळल्या. "नळी चुकली त्याचं एवढं नाही," ते म्हणाले. "ठसका मलाच लागला होता. पण आठ दिवस मी देवळापुढनं चप्पल हातात घेऊन, मान खाली घालून जात होतो. देवाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ते तुम्ही बसल्या जागेवरनं बघत होता."

केतकी खरेच बघत होती. खिडकी समोरच होती.

दाराशी जाऊन अण्णा थांबले. "हाड भरून आलं की पुन्हा करू," ते म्हणाले. "पण या खेपेला यमुनाबाईंनी भांडं सरकवलं, तर ऐकायचं."

त्या दुपारी केतकीने चारही डॉक्टरांना फोन करून त्या दिवशीची आपली चूक सांगितली. दोघे ओशाळल्यासारखे झाले, एकाने आपलीही अशीच गोष्ट सांगितली, आणि एक जण हसला. त्याचे हसणे तिने पूर्ण ऐकून घेतले. मग ती यमुनाताईंपाशी गेली आणि पेशंटसमोर सुनावले होते त्याची माफी पेशंटसमोरच मागितली. यमुनाताई एवढेच म्हणाल्या, "मॅडम, पुढचा पेशंट घ्या."

चार महिन्यांनी अण्णा पुन्हा खुर्चीत बसले. भुकटी साठली, आणि गाळणी उचलताना लाल पट्टीची नळी ओलसर ओठाला निसटती लागली. लागली की नाही, हेही नक्की सांगता आले नसते. यमुनाताईंचा हात भांड्याकडे गेला, पण त्याआधीच केतकीने भुकटी त्यात उपडी केली होती. अर्धा तास जास्त लागला. अण्णा तोंड उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहिले.

या वेळी कलम धरले. यथावकाश दात बसले, आणि देवळातले यंत्र कापडाखाली झाकून ठेवले गेले. आता रोज सकाळी केतकी दवाखान्याचे शटर वर करते तेव्हा समोर सनई सुरू असते. गाव ती ऐकून ताजेतवाने होते. केतकीची मान मात्र पहिल्या सुराला अजूनही आपोआप खाली जाते, आणि मग ती आत जाऊन आधी नळीवरची लाल पट्टी नीट चिकटली आहे ना ते बघते.

तात्पर्य: हातून झालेली चूक तिथल्या तिथे टाकून देता येते, पण लाजेपोटी ती झाकली, तर तिची लाज एखाद्या निर्दोष माणसाला वाहावी लागते.