सोनाक्कानं घेतलेलं नाव

फार वर्षांपूर्वी, सायकलला कॅन बांधून दूध तालुक्याला न्यायचे त्या काळी, हिरडवाडीत सोनाक्का नावाची बाई होती. दुधाचा थेंब जिभेला लागला की ते कुणाच्या म्हशीचं, हे ती सांगायची. म्हैस काल रुसली होती का, तेही सांगायची, असं म्हणतात.

तेव्हा दहा गावांनी मिळून दूध संघ काढला. हिरडवाडीनंही हौसेनं संस्था काढली आणि सोनाक्काच्या नवऱ्याला, केरबाला, अध्यक्ष केलं. पण गावाचं दूध दोनदा परत आलं. संघाचा निरोप आला, "तिसऱ्यांदा पाणी निघालं तर हिरडवाडी बंद." मग शंभर म्हशींचं दूध ओतायचं कुठं?

केरबानं चावडीपुढं जाहीर केलं, "उद्या सगळ्यांचं दूध आमची ही चाखंल. पाणी घालणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगंल!"

सकाळी गाव रांगेत उभं राहिलं. सोनाक्का चाखत निघाली.

"नामा, हे देवळामागच्या आडाचं पाणी. तुकाभावजी, तुमचं ओढ्याचं. अन् वरच्या अंगाला कुणीतरी गोधडी धूत होतं."

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. शेवटी अध्यक्षांचा कॅन आला. सोनाक्कानं थेंब जिभेवर ठेवला, मग आणखी एक ठेवून बघितला. पाणी तिच्याच परसातल्या विहिरीचं होतं. बोलावं तर नवऱ्याची अब्रू जाणार, गप्प बसावं तर गावाचं दूध बंद होणार. त्यात तीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलेलं नव्हतं!

"आक्का, नाव सांगा की!" नामा ओरडला.

तिनं पदर डोक्यावर घेतला, खाली बघितलं आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"निळ्या आभाळाखाली हिरवं हिरवं रान,
केरबारावांच्या दुधात पाण्यालाच मान!"

असा हशा उठला की म्हशी दावी तोडून पळाल्या, असं म्हणतात. केरबा लालबुंद झाला. मग त्यानं आपल्या हातानं कॅन गटारात उपडा केला.

"मीच घातलं," तो म्हणाला. "अध्यक्षाचं कोण तपासतंय, असं वाटलं."

घरी जाताना तो पुटपुटला, "एवढ्या वर्षांनी नाव घेतलंस, ते असं?"

"चांगलं वागा, चांगलं घेईन," सोनाक्का म्हणाली.

त्यानंतर हिरडवाडीचं दूध इतकं दाट झालं की त्यात पळी उभी राहायची, असं म्हणतात.

आता संस्थेत तपासणीचं यंत्र आहे. तरी वर्धापनदिनी पहिला कॅन अध्यक्षांचाच येतो, घरच्या माणसानं तो चाखायचा आणि उखाण्यात खरं सांगायचं, सोनाक्काच्या नावानं. यंदा अध्यक्ष बाई आहेत. त्यांचे यजमान आठ दिवस गोठ्यात म्हशींपुढं उखाणा पाठ करतायत.