शेठ आले, सभा उठली!

त्रिंबकशेठ मुरकुटे मोतीबंदर नगरपालिकेच्या सभागृहात शिरले आणि एकही माणूस जागचा हलला नाही!

आजोबा यायचे तेव्हा अख्खी सभा ताडकन उभी राहायची. वडिलांच्या वेळी अर्धीअधिक. आता मेल्या निवडणुका आल्या, कालपरवाचे वकील नि मास्तर निवडून आले, आणि शेठ दिसले की पायावर पाय टाकून खुशाल पान चघळू लागले. अध्यक्षाची खुर्ची तेवढी अजून मुरकुट्यांकडे होती, पण तीही डगमगत होती.

शेठ धुसफुसत फाटकाबाहेर आले, तर फुलांच्या दुकानातून सगुणा माळीण आडवी आली.

"शेठ, आमच्या आळीचा नळ काढून तुम्ही बागेतल्या कारंज्याला जोडलात. बायाबापड्या पार नदीवर जातात. नळ परत द्या!"

"नळ हवाय?" शेठ भडकले. "मग ऐक! पुढच्या सभेला मी दारात पाऊल टाकताच सगळी सभा उभी राहिली पाहिजे. सभेतल्या कुणाला सांगायचं नाही, विनवायचं नाही, धमकवायचं नाही. जमलं तर नळ तुझा. नाहीतर हे दुकान गुंडाळायचं!"

दुकान गेलं तर सगुणानं खायचं काय? तरी ती म्हणाली, "कबूल!"

शेठ मनातल्या मनात हसले. बरी अद्दल घडेल भवानीला!

सभेच्या दिवशी गोरे कलेक्टरसाहेबही कारभार बघायला येऊन बसले होते. शेठांनी पागोटं सारखं केलं, मिशीवर हात फिरवला आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं.

ढॅण् ढॅण् ढॅण्! मागच्या व्हरांड्यात पेद्रूचा वरातीचा बँड दणाणला. आणि धून कुठली? विलायतेच्या बादशहाच्या सलामीची!

झालं! कलेक्टरसाहेब टोपी काढून ताठ उभे राहिले. वकिलांनी पान गिळलं आणि उडी मारून उठले. डुलक्या काढणारे मास्तर धडपडत उठले. सरकारला रोज शिव्या घालणारे देशभक्तसुद्धा उठले, साहेब समोर होता ना!

शेठांचा ऊर भरून आला. ऐटीत खुर्चीकडे निघणार, तोच आठवलं, सलामी चालू असताना हलायचं नसतं! एक पाय आत, एक पाय बाहेर. पेद्रूच्या मुलीच्या लग्नाची फुलं सगुणा फुकट देणार होती, त्यामुळे तो थांबेचना. शेठांच्या पायाला मुंग्या आल्या.

अखेर बँड थांबला. शेठ ओरडले, "सगुणे, ही लबाडी आहे! हे बादशहासाठी उठले, माझ्यासाठी नव्हे!"

"मग आजोबांसाठी तरी कुठं उठत होते, शेठ?" सगुणा दारातून म्हणाली. "त्यांच्या मागं सरकार उभं होतं, म्हणून लोक उठायचे. तुमच्या मागं आता कुणी नाही, म्हणून मी बँड उभा केला!"

दुभाष्यानं हे साहेबाच्या कानात सांगितलं मात्र, साहेब खो खो हसत सुटला! मग वकील हसले, मास्तर हसले. शेठांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तेही पोट धरधरून हसले. न हसून सांगतात कुणाला?

"नळ दिला!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणि तुझ्या दुकानावर पक्कं छप्पर!"

नळाची तोटी सोडायला शेठ स्वतः आळीत गेले. बघतात तर काय, सगळी आळी उभी! शेठांनी खुशीत मिशीला पीळ दिला आणि दोन्ही हातांनी नमस्कार केला.

"नमस्कार राहू द्या, शेठ," मागून सगुणा म्हणाली, "आधी बाजूला व्हा. बायकांना हंडे भरायचेत!"