अंगणातली आफ्रिका

एकदा एका शिक्षिकेने आपल्या शाळेच्या अंगणात अख्खी आफ्रिका बांधली. भिंतीवरचा नकाशा नव्हे. चांगली दोन खाटांएवढी, चिखलमातीची, मुलांनी हातांनी थापलेली आफ्रिका. माळावरचे लहानसे गाव, पहिली-दुसरीची बावीस मुले आणि त्यांची ही वृंदाबाई. तळ्याकाठची काळी माती पोरांनी घमेल्यांतून वाहून आणली. वाळवंटासाठी ओढ्याची वाळू चाळली. नाईल नदीसाठी चर खणून त्यात निळीचे पाणी सोडले, उंच डोंगराच्या माथ्यावर बर्फ म्हणून चुना लावला, आणि दाट जंगलाच्या जागी कडुनिंबाच्या डहाळ्या रोवल्या. चार दिवस पोरांच्या नखांतली माती निघाली नाही. एरवी पुस्तकाचे पान उलटायला कंटाळणारी मुले आता "बाई, वाळवंटात पाऊस का पडत नाही?" असे विचारू लागली. असे शिकवणे किती जणांना जमते? वृंदाबाईला जमले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिच्यावर रागवायचे आहे, आणि ते रागावणे न्यायाचे व्हायला हवे.

मातीवर तिचे समाधान झाले नाही. महिनाअखेरीला केंद्रप्रमुख पाहणीला येणार होते, आणि पाहुणे आले की नाच हवाच, असा आपल्या शाळांचा अलिखित कायदा आहे. विषय पाण्याचा असो, ग्रहताऱ्यांचा असो, नाच हवा म्हणजे हवा! तालुक्याच्या दुकानात त्यासाठी 'आफ्रिका संच' मिळतो. प्लास्टिकच्या पानांचा घागरा, हाडांची खोटी माळ, पुठ्ठ्याचा भाला आणि जाड लाल ओठांचा एक मुखवटा. चोपन्न देश, त्यांतल्या शेकडो भाषा, शेते, शहरे, शाळा, आणि हे सगळे एका पिशवीत कोंबून दुकानदाराने वर पिना मारल्या होत्या. आपण ती पिशवी कौतुकाने विकत घेतो आणि घरी येऊन म्हणतो, मुलांना जगाची ओळख करून देतो आहोत. धन्य आहे आपली!

वृंदाबाईनेही तो संच आणला, मुलांना रांगेत उभे केले आणि नाचात पुढे कोणाला घ्यायचे ते ती पाहू लागली. तिची नजर मंजुळेवर थांबली. मंजुळा सहा वर्षांची, आजीचे नाव ठेवलेली, चुणचुणीत पोर. नाईलचा चर खणताना सगळ्यांत पुढे तीच होती. तिचा रंग काळा, चांगला गडद काळा.

"मंजुळा, तू हो गं आफ्रिकेची राणी," बाई म्हणाली. "तुला रंग फासायचा त्रासच नाही बघ!"

बाई हसली. बाई हसली म्हणून सगळी मुले हसली. मंजुळाही हसली, कारण सगळेच हसत होते.

दुसऱ्या दिवसापासून तिचे नाव आफ्रिका पडले. नळावर आफ्रिका, वाटेवर आफ्रिका, लंगडी खेळताना "आफ्रिका बाद!" तिसऱ्या दिवशी मंजुळा शाळेत आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. बाईने शेजारच्या पोरीबरोबर निरोप धाडला, तर उलटा निरोप आला तो तिच्या आईचा: "पोरगी शाळंत यायची न्हाई. राणी दुसरी कोन मिळती का बघा."

वृंदाबाई भडकली. घसा कोरडा करून, हात मातीत घालून शिकवायचे, आणि लोकांनी एवढ्यातेवढ्यावरून पोर घरी बसवायची? अशाने या मुली शिकणार कधी? ती तशीच तरातरा गुरुजींकडे गेली. हे गुरुजी तिचेच. याच शाळेत तिला त्यांनी बाराखडी गिरवायला लावली होती. आता निवृत्त होऊन शाळेमागच्या घरात राहत, वाफ्यात भाजी लावत, आणि कुणी काही विचारायला आले तर आधी पाण्याचा तांब्या पुढे करत.

"गुरुजी, तुम्ही त्या बाईला दोन शब्द समजावून सांगा," वृंदा म्हणाली. "तुमचं ऐकतील. साधी गंमत केली मी."

"काय म्हणालीस ते सांग," गुरुजी म्हणाले. "शब्दन् शब्द सांग."

तिने सांगितले. वर्गात जे वाक्य सहज तोंडातून निसटले होते, ते गुरुजींसमोर म्हणताना मधेच अडखळले. तरी तिने ते पुरे केले.

"पोरांना उद्या घरून डबे आणायला सांग," गुरुजी म्हणाले. "मी जेवणाच्या सुट्टीत येतो."

वृंदाला काही कळले नाही. पण गुरुजींना उलट विचारायची सवय तिला लहानपणापासून नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुले मातीच्या आफ्रिकेभोवती गोल करून डबे घेऊन बसली. गुरुजी काखेत पळसाच्या धुतलेल्या पानांचा गठ्ठा मारून आले. कोणाशी न बोलता त्यांनी ती पाने आफ्रिकेवर पसरली. मग पहिल्या मुलासमोर वाकले, त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकरी उचलली आणि नाईलच्या काठच्या पानावर नेऊन ठेवली. दुसऱ्याची भाकरी तिथेच. तिसऱ्याची बाजरीची निघाली, ती वाळवंटाच्या खालच्या कडेला. एकीच्या डब्यातली चवळीची उसळ पश्चिमेच्या किनाऱ्यावर, कोणाच्या कलिंगडाच्या फोडी, कोणाचे चिंचेचे सार, सगळे गेले. एका पोराकडे चपाती आणि बटाट्याची भाजी होती. गुरुजींनी डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाले, "तुझं राहू दे रे. ते दुसऱ्या गावचं आहे." इतरांच्या डब्यांत ठेचा आणि कांद्याची फोड तेवढी उरली.

"गुरुजी, माझी भाकरी!" एक पोरगी रडकुंडीला आली.

गुरुजी पुढे सरकले. बाईचा डबा उघडला, तिचीही भाकरी उचलली.

आता मात्र वृंदाचा तोल गेला. "गुरुजी, पुरे! पोरं सकाळपासून उपाशी आहेत. अन्नाशी कसला खेळ मांडलाय हा? मी तुमच्याकडे मदत मागायला आले होते, आणि तुम्ही भरल्या वर्गासमोर माझी शोभा करताय!"

"भरल्या वर्गासमोर," गुरुजी म्हणाले. "बोचतं ना?"

गुरुजी काठी टेकून तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"मी कुणाचं काही हिसकावलं नाही, वृंदा. जिथलं आहे तिथं ठेवलं. ही ज्वारी, जिच्यावर आपला अख्खा माळ जगतो, ती पहिल्यांदा इथल्या, या नदीच्या बाजूच्या माणसांनी पेरली. बाजरी या वाळवंटाच्या कडेच्या माणसांनी. चवळी त्यांची, कलिंगड त्यांचं, चिंचेचं झाडही मूळ तिकडचंच. तिथल्या बायाबापड्यांनी रानातलं गवत पिढ्यान् पिढ्या निवडलं, टपोरा दाणा तेवढा बियाण्याला ठेवला, तेव्हा कुठं त्याचं धान्य झालं. ते बी समुद्र ओलांडून आपल्याकडं आलं. पाऊस दगा देतो त्या वर्षी आपण तगतो ते त्या काळ्या हातांच्या कष्टावर. आणि तू पोरांना त्या माणसांची ओळख काय करून दिलीस? घागरा आणि भाला! त्यांच्या रंगाची एक पोर तुझ्या पुढ्यात उभी होती, तर तिच्या रंगावर तू हसलीस. त्यांचीच भाकरी खाऊन हसलीस! मला राग आलाय. तुला मी शिकवलं म्हणून जास्त आलाय. चार दिवस पोरांच्या हातांना तू आफ्रिका शिकवलीस, फार सुरेख शिकवलीस. आणि तोंडानं एका वाक्यात सगळी पुसून टाकलीस."

मग रडकुंडीला आलेली ती पोरगी हळूच म्हणाली, "बाई, मंजुळा कधी येणार?"

"जेवा रे पोरांनो," गुरुजी म्हणाले. "आपापली भाकरी घ्या. कुणाकडून घेताय ते बघून घ्या."

मुलांनी वाकून भाकऱ्या उचलल्या. वृंदाची भाकरी मात्र पानावर तशीच राहिली.

शाळा सुटल्यावर ती रानात गेली. ज्वारीची काढणी चालली होती. मंजुळेची आई ताटे उपटत होती आणि मंजुळा कणसांच्या ढिगाशी बसली होती. बाईला पाहताच पोर ढिगाआड सरकली. जी पोर रोज फाटकापाशी हात धरायला धावत येई, ती तिच्यापासून लपत होती.

"मी चुकले," वृंदा म्हणाली. "मी बोलले ते फार वाईट होतं. मंजुळा, बाळा, माझं चुकलं."

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, माजी पोर काळी हाय ते मला ठावं हाय. मी बी काळीच हाय. त्यात हसन्यासारकं काय हाय, येवडं सांगा. चार दिस झालं, पोर दगडानं हात घासती. हे बघा, सालटं निगालंय."

वृंदाने पाहिले. सहा वर्षांच्या मनगटावर सोललेली जागा होती. ती तिथेच ढेकळांत बसली आणि तिला रडू आवरेना.

"रडू नगा," आई म्हणाली. आवाजात माया नव्हती. "हितं रानात चुकले म्हनून काय उपेग? हितं कोन हसलं न्हवतं. जितं हसलात तितं सांगा."

वृंदाने मान डोलावली. परतताना शाळेतून तो संच घेऊन ती तालुक्याला गेली आणि पिशवी दुकानदाराच्या टेबलावर ठेवली.

"विकलेला माल परत घेत नाही, मॅडम."

"परत घेऊ नका. पण पुन्हा विकूही नका."

"अहो, सगळ्या शाळा नेतात!"

"तेच तर वाईट आहे," ती म्हणाली आणि पिशवी तिथेच टाकून निघाली. त्याने ऐकले असेल की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी आईने मंजुळेला फाटकापर्यंत आणून सोडले आणि स्वतः तिथेच उभी राहिली. वृंदाने सगळ्या मुलांना अंगणात बसवले. ती खुर्चीवर बसली नाही, मुलांसमोर उभी राहिली.

"त्या दिवशी मी मंजुळेच्या रंगावर हसले," ती म्हणाली. "ते वाईट होतं. मी हसले म्हणून तुम्ही हसलात, तेव्हा तुमचीही चूक माझीच आहे. मंजुळा, मी तुझी माफी मागते. आणि इथून पुढं कुणी कुणाच्या रंगावर हसलं, तर मी ते खपवून घेणार नाही. मी स्वतः हसले, तर तुम्ही मला थांबवायचं."

पोरे आ वासून बघत राहिली. बाई माफी मागते, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. फाटकापाशी उभी असलेली आई पदर खोचून रानाच्या वाटेला लागली.

मंजुळेच्या मुठीत ज्वारीचे एक कणीस होते. "आयनं दिलंय," ती पुटपुटली. "कुठं ठिवू?"

"कुठं ठेवायचं, तूच दाखव," बाई म्हणाली.

मंजुळा नाईलच्या काठी गेली, जिथे तिनेच चर खणला होता. तिने कणीस चोळले, बोटाने चिखलात भोके पाडली आणि एकेक दाणा त्यांत टाकला. मग काय, पोरांना कुठला दम! कोणी बाजरी आणली, कोणी चवळी, कोणी चिंचोके. जिथले तिथे पेरले गेले. पाणी घालायच्या पाळ्या लागल्या आणि पहिली पाळी मंजुळेने कोणाला दिली नाही.

महिनाअखेरीला केंद्रप्रमुख आले तेव्हा आफ्रिका वीतभर हिरवी झाली होती. साहेब भोवती फिरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान, छान. पण बाई, सिंह कुठं आहेत? नाचबिच काही बसवला नाही का?" बोलता बोलता नीट पाहायला म्हणून त्यांनी एक पाय आत टाकला.

"सर, थांबा!" मंजुळा ओरडली. साहेब दचकून जागीच थांबले. "तुम्ही सकाळी काय खाल्लं?"

"मी? भाकरी खाल्ली, पोरी."

"कशाची?"

"ज्वारीची. का गं?"

मंजुळेने आपले काळे, मातीने भरलेले बोट नाईलच्या काठच्या कोंबांकडे केले. "ती या लोकांनी दिलीय. हे त्यांचं शेत हाय. चपला काढा."

साहेबांनी वृंदाकडे पाहिले. कुंपणापलीकडे वाफ्यात वाकलेले गुरुजी ताठ उभे राहिले होते. मग त्या मोठ्या माणसाने पाय मागे घेतला, खाली वाकून दोन्ही चपला काढल्या आणि अनवाणी उकिडवा बसून तो विचारू लागला, "आणि हे कोणतं पीक, बाळा?"

मुलांना लांबचा मुलूख दाखवायला निघालेल्याने, आधी आपल्या वर्गात कोण मान खाली घालून बसले आहे, तेवढे पाहून घ्यावे.