मथूआक्काचा पहिला घास

शेंदोलीत लग्नाला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून जा. पान वाढलं तरी त्याला हात लावायचा नाही. भात-वरण वाढलेलं असतं, त्यावर तुपाची धार पडलेली असते, कोपऱ्यात लिंबाची फोड असते, भुकेनं जीव कासावीस झालेला असतो, आणि सगळी पंगत हात मांडीवर ठेवून गप्प बसलेली असते. मग जिनं स्वयंपाक केला ती बाई पदराला हात पुसत बाहेर येते. पंगतीच्या अगदी तोंडाशी, मानाच्या जागी, तिच्यासाठी पाट मांडलेला असतो. ती बसते आणि प्रत्येक पदार्थाचा एकेक घास सावकाश खाते. मग मान वर करून म्हणते, "हं, घ्या आता." तेव्हा कुठे बाकीच्यांचे हात पानाकडे जातात.

नवखा पाहुणा याचं कारण विचारतोच. मग देवळाच्या ओवरीत वाती वळत बसलेल्या केसरकाकू तळ्याकाठच्या उंबराकडे बोट दाखवतात. उंबराखाली तीन काळे धोंडे आहेत, चुलीसारखे मांडलेले. "ती मथूआक्काची चूल," काकू म्हणतात, आणि वाती बाजूला ठेवतात.

संस्थानच्या काळात शेंदोलीत दोन गढ्या होत्या असं सांगतात. ओढ्याच्या अलीकडे वरची गढी, पलीकडे खालची. दोघांकडेही हत्ती नव्हता, पण हत्तीची झूल मात्र दोघांकडे होती म्हणे. दसऱ्याच्या आधी ऊन दाखवायच्या निमित्ताने ती गच्चीवर पसरायची, म्हणजे पलीकडच्याला दिसावी. असली ही मोठी माणसं. गावानं त्यांना वाकून मुजरा करायचा, आणि त्यांनी एकमेकांच्या झुलीचे जर मोजायचे.

वरच्या गढीचे व्यंकटराव आणि खालच्या गढीचे रायाजीराव हे एकमेकांचे जिवलग. शिकारीला बरोबर, ताटाला बरोबर. फक्त व्यंकटरावांना दरबारातून पालखीचा मान होता आणि रायाजीरावांना नव्हता. एवढं एक कुसळ रायाजीरावांच्या डोळ्यात सलत होतं. एकदा मित्र निजलेला असताना त्यांनी त्याच्या बोटातली शिक्क्याची अंगठी काढली, एका खोट्या पत्रावर उमटवली आणि ते पत्र दरबारात नेऊन दिलं. व्यंकटराव बंडखोरांना सामील आहेत, असं त्यात होतं. पालखी ओढा ओलांडून खालच्या गढीत गेली. व्यंकटरावांनी अंथरूण धरलं ते पुन्हा उठलेच नाहीत.

त्यांच्या मागे जानकूबाईसाहेब राहिल्या. नवऱ्याचं दुःख त्यांना किती होतं ते देव जाणे. पालखीचं मात्र त्या अकरा वर्षं रोज बोलत. आणि बाराव्या वर्षी त्यांनी गोड हसून रायाजीरावांना निरोप धाडला: झालं गेलं विसरू, माझी लेक तुमच्या मुलाला घ्या. साखरपुड्याचं जेवण आमच्याकडे. गाव म्हणालं, बघा, मोठ्यांचं मन किती मोठं.

वरच्या गढीच्या स्वयंपाकघरात मथूआक्का होती. ती कुठल्या आळीतली हे आज नक्की कोणी सांगत नाही, कारण प्रत्येक आळी तिला आपली म्हणते. वीस वर्षं तिनं त्या घराला रांधून घातलं. बाईसाहेबांच्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू तिनेच वळले, आणि व्यंकटरावांच्या शेवटच्या दिवसांत पेजेची वाटी तिनेच तोंडाशी धरली. पण बाईसाहेब तिला हाक मारत ती "अगं ए" अशीच.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मथूआक्का नारळ खवत होती. पलीकडच्या सोप्यात बाईसाहेब पाहुण्यांच्या बायकांना सांगत होत्या ते तिच्या कानावर आलं.

"हल्ली आमच्या स्वयंपाकिणीचं डोकं ठिकाणावर नसतं हो. काय घालेल, कशात घालेल, नेम नाही."

"मग ठेवता कशाला?"

"जुनी आहे. दया येते."

मथूआक्काचा हात थांबला. वीस वर्षांत खिरीत साखरेऐवजी मीठ पडलं नव्हतं, आणि आजच हे काय?

घटकाभरानं बाईसाहेब स्वतः स्वयंपाकघरात आल्या. त्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकत नसत. त्यांनी चांदीची एक डबी पुढे केली.

"अगं ए, जायफळाची पूड आहे. रायाजीरावांच्या वाटीत घाल. सगळी."

"आणि बाकीच्यांच्या खिरीत?"

"बाकीच्यांना कशाला? मानाची वाटी आहे ती."

त्या गेल्यावर मथूआक्कानं डबी उघडून नाकाशी नेली. जायफळ वीस वर्षं तिच्याच हातानं उगाळलं गेलं होतं. हे जायफळ नव्हतं. लहानपणी माळावर शेळ्या राखताना शेळ्याही ज्या झुडपाला तोंड लावत नसत, त्या धोतऱ्याचं बी होतं ते. इतकी हुशार बाई, अकरा वर्षं मनात डाव रचत बसली, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला नाक असतं, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. थोरामोठ्यांच्या चुका अशाच असतात.

आता सकाळचं बोलणंही मथूआक्काला उमगलं. रायाजीराव तडफडून पडणार, आणि बोट वेड्या स्वयंपाकिणीकडे वळणार. सांगावं कोणाला? बाईसाहेबांच्या शब्दापुढे तिचा शब्द कोण धरणार? पूड ओढ्यात टाकली तर आज निभेल, उद्या दुसरी डबी येईल, आणि तेव्हा तर कदाचित ती मथूआक्काच्याच ताकात पडेल. तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं, डबी कनवटीला खोचली, आणि वाटीत साधी शेवयांची खीर ओतली.

दुपारी पंगत बसली. चंदनाचा पाट, चांदीचं ताट, भोवती मोराची रांगोळी. रायाजीराव अंगरखा सावरत पाटाकडे निघाले, तेवढ्यात मथूआक्का आतून आली आणि वाटीसकट त्या पाटावर बसली.

वरची गढी आणि खालची गढी बारा वर्षांत पहिल्यांदा एका सुरात ओरडली.

"ऊठ! ऊठ पाटावरनं!"

"माजली का ही?"

"रांधलं मी," मथूआक्का म्हणाली, "काही बरंवाईट झालं तर गळा माझा धराल. मग पहिला घास मीच घेते." तिनं वाटी उचलली आणि बाईसाहेबांकडे पाहिलं. "घेऊ ना, बाईसाहेब?"

असं सांगतात की तिला तेव्हा फक्त एक शब्द हवा होता. 'नको' एवढाच. तो आला असता तर ती निमूट उठून आत गेली असती आणि डबीचं कुणापाशी बोलली नसती. बाईसाहेबांच्या समजुतीप्रमाणे त्या वाटीत मरण होतं. त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या नीट केल्या, आणि त्या गप्प राहिल्या.

मथूआक्का एक घोट प्यायली. थांबली. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. दुसरा घोट. बाईसाहेबांनी नजर रांगोळीकडे वळवली. वाटी रिकामी होईपर्यंत मथूआक्का वाट बघत होती म्हणे.

मग मथूआक्कानं कनवटीची डबी काढून ताटात ठेवली. "जायफळ इथं आहे, बाईसाहेब. मी घातलंच नव्हतं. वीस वर्षं तुमच्या घरात माझं मोल काय, तेवढं बघायचं होतं. आता जायफळच असेल तर चिमूटभर तुम्ही तोंडात टाका."

बाईसाहेबांचा हात मागे सरला. सगळ्या पंगतीनं तो पाहिला.

आणि ज्यांचा जीव वाचला ते रायाजीराव काय म्हणाले? "ते राहू दे! आधी माझा पाट बाटवला त्याचं बोला!"

मथूआक्का उठली आणि गढीबाहेर पडली. समोरच तळ्याकाठच्या उंबराखाली रायाजीरावांच्या पालखीचे भोई आणि वाजंत्री सकाळपासून उपाशी बसले होते. आत पंचपक्वान्नं, आणि यांना कोणी पाणी विचारलेलं नव्हतं. कुणाकडे ज्वारीचं पीठ होतं, कुणाकडे डाळ. तिनं तीन धोंडे मांडले आणि पिठलं-भाकरी केली. पानं वाढली, पण कोणी हात लावेना.

"खा की रे, काय झालं?"

म्हातारा भोई गालात हसला. "आक्के, आतलं सगळं ऐकलंय आम्ही. आधी तू खा."

त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली. मग म्हाताऱ्यानं हसू आवरलं आणि स्वतःचं पागोटं काढून तिच्यापुढे अंथरलं. "थट्टा नाही, आक्के. यावर बस. रांधणाऱ्यानं शेवटी उरलंसुरलं खायचं, हे आमच्यात तरी आता नाही."

त्या पागोट्यावर बसून तिनं पहिला घास घेतला.

पुढे दोन्ही गढ्या एकमेकींविरुद्ध दरबारात इतकी पत्रं नेत राहिल्या की दरबारानं कंटाळून दोघींचाही मान काढून घेतला. पालखीचा दांडा कुणीतरी गोठ्याला आडवा घातला. झुली उंदरांनी खाल्ल्या. बाईसाहेब आणि रायाजीराव कधी गेले, कसे गेले, ते गावात कुणाला सांगता येत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

आजही लग्नाच्या आदल्या दिवशी त्या तीन धोंड्यांवर हळदकुंकू वाहतात आणि मगच मांडवातली चूल पेटते. गेल्या साली एका लग्नाला शहरातले कोणी बडे कारखानदार आले होते. गळ्यात बोटभर जाड साखळी, मागे दोन माणसं. पान वाढलं तसा त्यांनी हात घातला. शेजारच्या म्हातारीनं तो हात अलगद धरून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"थांबा दादा," ती म्हणाली. "रांधणारी अजून जेवली नाही."

ते घड्याळाकडे बघत बसले. समोर पाटावर स्वयंपाकीणबाई लोणच्याची फोड चाखत होत्या, अगदी सावकाश.